झोपेतल्या पोरीला शिक्षा

मावशी,

काल तुमची तेरवी झाली. संध्याकाळच्या बसनं नागभीडहून ब्रह्मपुरीला परत आले आणि आज शाळेत रजेचा अर्ज पाठवून हे लिहायला बसले आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं. वसतिगृहात तुमच्या लेकीचं पत्र आलं की ते मीच वाचून दाखवायचे, आणि घाईत असले की मधलं अर्धं गाळायची. तुमच्या ते लक्षात यायचं. "येवढंसंच लिव्हलं का वो बाई तिनं?" एवढं विचारून तुम्ही पुन्हा अंबाडीची भाजी खुडायला लागायच्या. या पत्रात मी काही गाळणार नाही.

काल तुमच्याकडे जैवंता भेटली. ती मला काय बोलली आणि मी तिला काय उत्तर दिलं, हे तुमच्याखेरीज कुणाला सांगायची सोय नाही. तुम्ही असतात तर एव्हाना हसून मोकळ्या झाल्या असतात. मला हसू येत नाही. आणि कालचं सांगायचं तर आधी मागचं सगळं कबूल करायला हवं, कारण त्यातलं निम्मं तुम्हालाही ठाऊक नव्हतं.

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा झाला होता, त्या वर्षी मी मुलींच्या त्या वसतिगृहात अधीक्षिका म्हणून रुजू झाले. वय चोवीस. बी.एस्सी. झालेली आमच्या घरातली पहिली मुलगी. तुम्ही तिथं स्वयंपाकाला, माझ्या आईपेक्षा मोठ्या. चाळीस पोरी, दोन दालनं, मागं तुमची चूल. पहिल्या दिवशी तुम्ही मला वरणभात वाढलात आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "बाई, तुमी तं पोरीच हा अजून." मला राग आला. मी ठरवलं की या बाईला आपण कोण आहोत ते दाखवून द्यायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला अशी मी नव्हते. मी विचार करून चुकणारी होते, आणि त्याचा त्रास जास्त होतो.

आमच्या बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव, गंडे, दोरे, सगळं वैनगंगेत सोडलं. मी काही आमच्या घरात कुणाच्या गळ्यात ताईत पाहिला नाही. ताप आला की डॉक्टर, प्रश्न पडला की पुस्तक. त्या घरात वाढल्याचा मला आजही अभिमान आहे. त्या अभिमानाचं मी वसतिगृहात काय केलं, लाज वाटते ती त्याची.

जैवंता सहावीत आली. एटापल्लीच्या आतल्या अंगाचं गाव, आई अर्धा रस्ता चालत आणि अर्धा बसनं तिला घेऊन आली होती. माझ्या टेबलासमोर ती माउली उभीच राहिली, खुर्चीवर बसली नाही. मी विचारलं, पोरीला काही आजार? तिनं नाही म्हणून मान हलवली. मग ती मागच्या अंगणात गेली आणि तुमच्याशी गोंडीत बराच वेळ बोलत बसली. मला वाटलं, बायका बायका बोलत असतील. पोरगी रात्री अंथरूण ओलं करते, हे तिनं टेबलामागच्या बाईला न सांगता चुलीपुढच्या बाईला सांगितलं. आता वाटतं, तिची माणसांची पारख माझ्या बी.एस्सी.पेक्षा चांगली होती.

जैवंताच्या कमरेला काळा दोरा होता, त्यात मुळीचा एक तुकडा बांधलेला. गावच्या पुजाऱ्यानं याच दुखण्यावर दिलेला. चौथ्या की पाचव्या दिवशी मला कळलं की अंथरूण ओलं होतं, आणि त्यावर हा इलाज आहे. मी तिला सगळ्या पोरींसमोर बोलावलं, कात्री मागवली आणि दोरा कापला. अंधश्रद्धेवर पाच मिनिटं भाषणही दिलं. ती कमरेवर हात धरून उभी होती. भाषण संपल्यावर तुम्ही मला एवढंच म्हणालात, "दोऱ्यानं मुतनं थांबत नाई बाई, मले बी मालूम हाये. पन तिच्या मायनं बांधला होता ना."

त्यावर मी काय बोलले ते आठवत नाही. काहीतरी शहाणपणाचंच बोलले असेन.

दोरा गेला, आणि मग माझं विज्ञान सुरू झालं. माझं म्हणणं असं, की अकरा वर्षांची धडधाकट पोरगी अंथरूण ओलं करते म्हणजे एक तर आळशी, उठायचा कंटाळा, नाहीतर लाडावलेली. सवय म्हणजे मोडता येते. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं होतं? कुठल्याच नाही. आमच्या मोहल्ल्यात सगळे असंच म्हणायचे, त्यात दोरा नव्हता, म्हणून मला ते शास्त्र वाटलं. पुजाऱ्याचं नाव लागलं की अंधश्रद्धा, आणि अधीक्षिकेचं लागलं की शिस्त, एवढाच काय तो फरक.

आधी सहानंतरचं पाणी बंद केलं. ऑक्टोबरची तलखी होती. एका संध्याकाळी ती तुम्हाला मागच्या हौदावर दिसली, पाय धुवायच्या पाण्याची ओंजळ तोंडाला लावलेली. तुम्ही मला येऊन सांगितलंत. तुमचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "तहानलं लेकरू पाय धुवाचं पानी पिऊन राह्यलं बाई, काऊन असं करता?" मी म्हटलं, होईल सवय. अंथरूण तरीही ओलं होतच होतं, पण त्यामुळे आपला उपाय चुकला असं काही मला वाटलं नाही. उपाय कमी पडतोय असं वाटलं.

म्हणून मग तार. समोर लिंबापासून झेंड्याच्या खांबापर्यंत कपडे वाळत घालायची तार होती, तिच्याच खाली पोरी प्रार्थनेला रांगेत उभ्या राहायच्या. मी नियम केला, की ज्या दिवशी वाकळ ओली, त्या दिवशी जैवंतानं ती स्वतः आणून समोरच्या तारेवर टाकायची आणि प्रार्थना होईपर्यंत तिच्याजवळ उभं राहायचं. थंडी लागली तशी चटईखाली अंथरलेलं भाताचं तणसही ओलं व्हायचं आणि त्याला वास यायचा. पोरींनी तिचं नाव ठेवलं, वल्ली. ओली म्हणजे वल्ली. "वल्ली आली, सरका." मी दटावायचे, पण तेही वरवर. मनात म्हणायचे, बरं आहे, लाज वाटेल, सुधारेल.

एका सकाळी हजेरी घेताना ती रांगेत दिसेना. मी विचारलं, "वल्ली कुठं गेली?"

माझ्या तोंडून निघालं, मावशी. चाळीस पोरी खो खो हसल्या. ती खांबामागेच उभी होती, हातात वाकळ घेऊन. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात पळी हातात घेऊन उभ्या होतात. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. तुम्ही तिच्याकडे पाहिलं आणि आत गेलात. मी हजेरी पुढे चालू ठेवली.

त्यानंतर आठवड्याभरात वाकळ ओली व्हायची थांबली. आठ दिवस, पंधरा दिवस, महिना. मला काय आनंद झाला. पोरगीही बदलली. माझ्याकडे बघून हसायला लागली, माझ्या टेबलावर रोज फुलं ठेवायला लागली. मी म्हटलं, बघा, वेळच्या वेळी लाज वाटली की माणूस सुधारतं आणि वर उपकारही मानतं. जानेवारीत गडचिरोलीला आम्हा अधीक्षिकांची बैठक होती. तिथं दोघींनी हीच तक्रार काढली, आमच्याकडे अशा पोरी आहेत, काय करावं कळत नाही. मी उभी राहून सांगितलं. पाणी, तार, प्रार्थना, सगळं क्रमानं. "लाजेसारखं औषध नाही," असं मी बोलले. त्यांनी ते लिहून घेतलं.

मार्च लागला तेव्हा मी सरपण किती उरलं ते पाहायला मागं आले, आणि लाकडांच्या ढिगावर एक वाकळ वाळत घातलेली दिसली. त्या वाकळेला किनारीवर हिरवं ठिगळ होतं. ती जैवंताचीच होती.

तुम्ही लपवलं नाहीत. तुम्ही पहाटे चूल पेटवायला उठायच्या, तेव्हा आधी दालनात जाऊन तिला हळूच उठवायच्या, कोरडी वाकळ द्यायच्या, ओली घेऊन यायच्या, ओलं तणस उकिरड्यावर टाकायच्या. इतके महिने. पोरी उठायच्या आत सगळं कोरडं. थांबलं बिंबलं काही नव्हतं. कमी झालं होतं, एवढंच.

आपलं भांडण तेव्हा झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. मी म्हटलं, तुम्ही तिला बिघडवलंत. तुम्ही तांदूळ पाखडत होतात, सूप थांबवलं नाहीत.

"तिनं जानून केलं असतं तं बिघडली असती. ते झोपते तं मेल्यावानी झोपते, बाई. तिले उठवाले मले दोनदा हालवा लागते. झोपेतल्या मानसाले कोन शिक्षा करते?"

"मग काय, तिला असंच राहू द्यायचं?"

"राहते का कोनी? माह्या भावाले मिशा फुटल्या तवरोक होतं. बापानं मारलं, चटके देल्ले. नाई थांबलं. मंग एका सालात आपोआप बंद झालं. आता त्याले चार लेकरं हायेत."

मी म्हटलं, वरती कळवीन. तुम्ही म्हणालात, "कळवा ना बाई. पन उद्या चाळीस पोरीचा भात कोन रांधन, ते बी लिवजा."

तुमचंही सगळं बरोबर होतं असं नाही. हे मी तुमचा राग येईल म्हणून तेव्हा बोलले नाही, आता बोलते. विस्तवाशी खेळलं की पोर अंथरुणात मुततं, असं तुम्ही ठामपणे मानायच्या आणि जैवंताला चुलीजवळ फिरकू द्यायच्या नाहीत, थंडीतसुद्धा. तिळगुळाचे लाडू खाल्ले की थांबतं म्हणून तिला लपवून लाडू द्यायच्या. पण तुमच्या चुकीनं तिला लाडू मिळाले. माझ्या चुकीनं काय मिळालं ते लिहून झालंच आहे.

मी कुणालाही कळवलं नाही. तुम्हाला बहुतेक वाटलं असेल, बाई निवळल्या. तसं नव्हतं. कळवलं असतं तर मी गडचिरोलीत जे छातीठोकपणे सांगून आले होते ते खोटं पडलं असतं. म्हणून मी गप्प बसले, आणि महिनाभर तुमच्याशीही बोलले नाही. वाढलेलं ताट घेऊन खोलीत जायचे. तुम्ही मात्र लोणच्याची फोड न चुकता ठेवत होतात.

आता ते सांगते जे तुम्हाला माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी पुन्हा बैठक झाली. त्या दोघींतली एक चहाच्या वेळी माझ्याजवळ आली. म्हणाली, "तुमचा उपाय केला हो. चार होत्या, तीन सुधारल्या. एक शाळाच सोडून गेली, पुन्हा आली नाही." तोपर्यंत हिरव्या ठिगळाची वाकळ मी पाहिलेली होती. माझा उपाय उपाय नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, "अशी एखाद-दुसरी जायचीच." आणि आम्ही दोघींनी बिस्किटं खाल्ली.

त्या पोरीचं नाव मी विचारलं नाही. गावही विचारलं नाही. तिच्या वसतिगृहात तुमच्यासारखं कुणी नसावं.

नंतर माझं लग्न झालं, मी नोकरी सोडून ब्रह्मपुरीला आले, इथं शाळेत लागले. निघताना तुम्ही जवसाच्या चटणीची पुडी दिलीत आणि म्हणालात, "रागात जेवत नोका जाऊ बाई, अंगी लागत नाई." मी नमस्कार केला. बोलायचं होतं ते तसंच राहिलं.

मागच्या वर्षी माझा मुलगा साडेचार वर्षांचा झाला तरी अंथरूण ओलं करायचा. एका सकाळी माझ्या तोंडून निघालं, "लाज नाही वाटत?" त्या वयाला लाज म्हणजे काय ते कळत नाही, आई रागावली एवढं कळतं. मी त्याला डॉक्टरकडे नेलं, सासूबाई आणि हेही बरोबर. डॉक्टर हसले. म्हणाले, या वयात हे दुखणंच नाही. म्हणाले, कुणी मुद्दाम करत नाही, झोप गाढ असते, पोट भरल्याचा जसा निरोप मिळतो तसा लघवी आल्याचा निरोप यांच्या झोपेत डोक्यापर्यंत पोचत नाही. काहींचं शरीर त्याला उशीर लावतं, दहा-बारा वर्षांपर्यंतसुद्धा. रागावून, मारून, तहानलेलं ठेवून काही होत नाही, उलट पोर खचतं. मग विचारलं, घरात कुणाला होतं का? सासूबाईंनी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. तुम्ही असतात तर पदरात तोंड लपवून हसल्या असतात.

मी मात्र त्या खोलीत बसून जैवंताचा हिशेब लावत होते. तिचं वय, तिची झोप, हौदावरची ओंजळ. डॉक्टरांनी जे सांगितलं ते तुमचं तांदूळ पाखडता पाखडता सांगून झालं होतं, आणि मी तुम्हाला वरती कळवण्याची धमकी दिली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं तर चोरच कुणी नव्हता.

त्या दिवशी ठरवलं, नागभीडला जायचं आणि मावशींना सांगायचं, तुमचं बरोबर होतं. तासाभराचा रस्ता. बस आहे, जीप आहे. वार्षिक परीक्षा झाल्या की जाईन म्हटलं. मग उन्हाळा फार होता. मग पोराला गोवर निघाला. खरं कारण यातलं एकही नाही. तुमच्यासमोर उभं राहून हे वाक्य बोलायचं मला जड जात होतं. तुमच्या लेकीचं कार्ड आलं, त्यात तेरवीची तारीख होती.

तर काल. अंगणात मांडव घातलेला, पत्रावळी मांडलेल्या. तुमची लेक मला ओळखत नव्हती, मी सांगितल्यावर तिनं मला पुढं बसवलं. वाढणाऱ्या पोरींत एक उंच, सावळी, दोन वेण्यांची मुलगी होती. भात वाढताना ती थांबली आणि भांडं खाली ठेवून माझ्या समोरच बसली. "बाई, ओळखलं नाई ना? मी जैवंता."

ती चंद्रपूरला नर्सिंगच्या ट्रेनिंगला आहे. तुमच्याकडे सुट्टीत येत होती म्हणे, दरवर्षी. मला हेही माहीत नव्हतं. तिचा आवाज मोठा झालाय, मोकळा झालाय. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि हळू बोलायला लागली.

"बाई, तुमाले एक सांगाचं होतं. मावशीनं मले तवाच सांगतलं होतं."

मी विचारलं, काय?

"तुमी हजेरीत मले वल्ली म्हनलं, त्या दिवशी मी पिशवी भरून ठेवली होती. पळूनच जानार होती. मावशीनं पकडलं. म्हनली, वेडी हायेस का, बाईनंच मले सांगतलं हाये, पोरीची वाकळ पहाटे बदलून देत जा म्हून. सगळ्यासमोर त्याईले कडक राहा लागते, नाईतं बाकीच्या पोरी ऐकनार नाईत. मनानं त्या तुह्याच बाजूनं हायेत. पन तू त्याईले काई बोलू नोको, त्याईले अवघड वाटन." ती हसली. "मंग मले झोप येऊ लागली, बाई. आधी मी भेवानंच झोपत नव्हती, आन् झोपली का मंग गाढ. तुमी माह्या बाजूनं हा, हे समजलं ना, तं भेव गेलं."

मी पत्रावळीवरचा भात उगाच कालवत राहिले.

"आता वॉर्डात मायबाया येतेत लेकराले घेऊन, मारत मारत आनतेत," ती पुढे बोलत होती. "मी त्याईले तुमचं सांगतो. म्हनतो, आमच्या वसतिगृहात एक बाई होत्या, वरून कडक, पन आमची लाज राखली त्याईनं. तुमी बी तसं करा. आयकतेत वो बाई. लई जनी आयकतेत."

मावशी, तुम्ही माझं नाव घेतलंत. पळून जाणाऱ्या पोरीला थांबवायला तुम्हाला काहीतरी हवं होतं, आणि जिच्यामुळे ती पळत होती तीच तुम्ही तिच्या बाजूनं उभी करून दाखवलीत. तुम्ही स्वतःचं नाव घेतलं असतं तर तिला मावशीची माया मिळाली असती, पण बाईचं भय तसंच राहिलं असतं. एवढं तुम्हाला चुलीपुढं बसून कसं सुचलं? आणि मला कधी एका शब्दानं सुचवलं नाहीत. ती माझ्या टेबलावर फुलं ठेवायची तेव्हा तुम्ही बघत होतात. मी लाजेच्या औषधाचा अभिमान मिरवत होते, तेही बघत होतात.

मला बोलायचं होतं. जैवंता, ते मी नव्हते, असं म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण ती माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती, तसं माझ्याकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही. मी स्वतःला समजावलं, खरं सांगितलं तर वॉर्डातल्या त्या आयांना ती काय सांगेल? तिच्या त्या झोपेचं काय होईल? कारणं मला नेहमीच चांगली सुचतात. आज सकाळी मी त्या दोन वसतिगृहांना पत्रं लिहिली, लाजेनं कुणी बरं झालं नव्हतं, ओल्या वाकळा एक मावशी लपवून वाळवत होती, असं स्पष्ट. उद्या टपालात टाकते. ती शाळा सोडून गेलेली पोरगी त्या पत्रानं परत येणार नाही. आणि तिसरं पत्र, चंद्रपूरच्या पत्त्यावरचं, माझ्यानं लिहवत नाही.

जैवंतानं विचारलं, "बाई, आठवते ना तुमाले? मावशीले तुमी सांगतलं होतं ते?"

मी म्हटलं, "हो गं. आठवतं."

मग ती उठली, पदर खोचला, हात पुसले आणि सगळ्या मांडवादेखत माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत, मावशी.